एका कान्याची चोरी

मी एक डायरी. कोरीच्या कोरी असताना शिळी झालेली डायरी. एका औषधाच्या दुकानात गिऱ्हाइकांना फुकट वाटायला म्हणून आमचा गठ्ठा आला होता. मी तळाशी राहिले, कुणाच्या हाती लागले नाही आणि बघता बघता वर्ष सरलं. दुकानदारानं मला उलटसुलट करून पाहिलं आणि रद्दीच्या खोक्यात टाकलं. एकही अक्षर न उमटता माझं आयुष्य संपलं होतं.

तिथून मला तिनं उचललं. दुकानदाराची पॅन्ट कमरेत सैल करून द्यायला ती आली होती.

"ही टाकताय का?"

"न्या की, ताई. पण तारखा गेल्या वर्षीच्या आहेत."

"असू द्या. माझे दिवस तरी कुठे तारीख बघून येतात?"

तिला सगळे टाचणी म्हणत. एक तर ती अंगानं तशीच, दुसरं म्हणजे काम करताना तिच्या ओठांत कायम चार टाचण्या धरलेल्या. आणि तिसरं कारण तिची जीभ. एका जिन्याखालच्या जागेत तिचं दुकान होतं. एक मशीन, एक उंच स्टूल, भिंतीला आरसा. नवीन कपडे तिच्याकडे कुणी शिवायला टाकत नसे. पॅन्ट आखूड करणं, कोट ढिला करणं, तुटलेली चेन बदलणं, बस्स. दुसऱ्यानं शिवलेलं उसवायचं आणि नीट करून द्यायचं, यावर तिचं पोट होतं.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती शटर अर्धं ओढून मला मांडीवर घेई. शिवणकामाची पेन्सिल, अक्षर कोंबडीच्या पायासारखं, ऱ्हस्व-दीर्घाशी तर उभं वैर. पहिल्या दिवशी तिनं लिहिलं, 'आज काही झालं नाही.' दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'काल काही झालं नाही असं लिहिलं ते खोटं. बरंच झालं. मी बघितलं नाही.'

त्या दिवसापासून ती बघायला लागली आणि मला कामच काम लागलं. 'उसने पैसे मागायला आलेला माणूस आधी तब्येत विचारतो.' 'स्वस्त कापडाला शिलाई तेवढीच पडते, म्हणून ते महाग.' 'जो सारखा म्हणतो मला वेळ नाही, त्याच्या कोटाचं बटण तीन महिने तुटलेलंच असतं.' कधी एक ओळ, कधी पान भरून. चूक झाली तर खोडरबर नाही, सरळ काट.

एक्कावन्नाव्या वर्षी ती सायकल शिकली. शेजारच्या इस्त्रीवाल्याची जुनी सायकल होती. शाळेमागचं मैदान रिकामं असे तेव्हा ती तिथं जायची. शाळा सुटताना एकदा पोरांनी बघितलं आणि हसून हसून लोळली. त्या दिवशी तिनं लिहिलं, 'नवीन काही शिकायचं तर चारचौघांत वेंधळं दिसायची तयारी हवी. शहाणं दिसायची हौस आहे तोवर काही येत नाही.' मग एक आठवडाभर माझी पानं कोरी राहिली. ती पडली होती आणि उजवा हात गळ्यात बांधलेला होता. बरं झाल्यावर तिनं पुढचं लिहिलं, मागचं नाही. 'आज चक्कर पूर्ण मारली.' एवढंच.

आणि एक पान होतं ते तिच्या नवऱ्याबद्दल. तो कामासाठी म्हणून परगावी गेला होता आणि परत आलाच नाही. पुढं निरोप आला, तो दुसरीबरोबर राहतो. त्याला बारा वर्षं झाली होती. तिनं लिहिलं होतं, 'निरोप आला त्या दिवशी सगळ्यांसमोर रडले. सगळे गेल्यावर दार लावलं आणि खाट खिडकीखाली ओढली. तो कधी ओढू देत नसे. उन्हात झोपले. इतकी छान झोप लागली की उठल्यावर लाज वाटली.' हे लिहून झाल्यावर तिनं मला मिटलं आणि बराच वेळ माझ्यावर हात ठेवून बसली. जगात हे तिला माहीत होतं आणि मला.

तिचा धाकटा भाऊ तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. आईच्या माघारी तिनंच त्याला वाढवला, शिकवला. कुठलीही नोकरी त्याच्याकडे वर्षभर टिकत नसे. विमा विकून झाला, पाणी गाळायची यंत्रं विकून झाली, एका क्लासमध्ये शिकवून झालं. बोलणं मात्र असं की दगडाला पाझर फुटावा. तो अधूनमधून दुकानात येऊन बसायचा. एकदा ती गिऱ्हाइकाचं माप घेत असताना त्यानं मला उचललं. दोन पानं वाचली, पुढची चार वाचली.

"ताई, हे तू लिहिलंयस?"

"नाही, मशीननं लिहिलं."

"चेष्टा नको. नेऊ का दोन दिवस? मला हल्ली काही सुचत नाही गं. मन लागत नाही कशात. हे वाचून बरं वाटलं."

तिनं मापाची टेप गुंडाळली. मला वाटलं, ती नाही म्हणेल. पण भावाला बरं वाटतंय म्हटल्यावर तिच्यात नाही म्हणायचा जीव कुठला? "ने," ती म्हणाली. "पण वाच आणि आण. कुणाला दाखवू नकोस."

"वेडी आहेस का? कुणाला दाखवतोय मी?"

दोन दिवसांचे दोन आठवडे झाले, मग दोन महिने. ती फोनवर विचारायची, तो म्हणायचा, "आणतो गं, अजून वाचतोय." आणि ते खरंच होतं. तो मला वाचत होता, पण हातात लाल पेन घेऊन.

आधी ओळींखाली रेघा आल्या. मग समासात मथळे आले. मग एका संध्याकाळी त्यानं 'सायकल शिकले' या शब्दांवर पेन टेकवलं आणि 'ले'पुढं एक उभी रेघ ओढली. काना. शिकले होतं, शिकलो झालं. पुढच्या ओळीत 'गेले'चं गेलो, 'आले'चं आलो. तिचं सगळं आयुष्य त्यानं एकेका कान्यानं आपल्या नावावर करून घेतलं. मला ओरडता आलं असतं तर ओरडले असते. पण कागदाची जात माझी. कुणी पेन टेकवलं की शाई पिऊन घ्यायची, एवढंच मला येतं.

पहिलं भाषण त्यानं एका पतपेढीच्या कर्मचाऱ्यांपुढं केलं. लोक आवडीनं ऐकत होते. दुसऱ्याला तिप्पट गर्दी. वर्षभरात लोक त्याला सर म्हणायला लागले, सभागृहाच्या दारात त्याचा हसरा फोटो लागायला लागला आणि त्याचं पुस्तक निघालं. मी त्याच्या बॅगेत असायची, भाषणाच्या वेळी समोरच्या उंच टेबलावर, कागदांखाली. तो आपल्या बहिणीचं नाव कधी घेईल, याची मी प्रत्येक भाषणात वाट बघायची. आभाराच्या यादीत चहावाल्याचंही नाव असे.

असंच एक भाषण चालू होतं. सभागृह भरलेलं. मला तिसऱ्या रांगेत, अगदी कडेच्या खुर्चीत ती दिसली. पर्स मांडीवर घट्ट धरलेली. त्याचं लक्ष नव्हतं.

तो सायकलीचं सांगत होता. मैदान, हसणारी पोरं, वेंधळेपणा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "माझ्या ओळखीत एक बाई आहेत. नवरा सोडून गेला त्यांना. सगळ्यांसमोर धाय मोकलून रडल्या. आणि सगळे गेल्यावर काय केलं असेल?" तो थांबला. थांबायचं कुठं, हे त्याला नेमकं कळतं. "खाट खिडकीखाली ओढली आणि ताणून दिली."

सभागृह खळखळून हसलं. बायकाही हसल्या. ती हसणाऱ्या लोकांकडे एकेक करून बघत होती, जणू प्रत्येकाचं माप घेतेय.

शेवटी प्रश्नांची वेळ आली. तिनं हात वर केला. कुणीतरी तिच्या हातात माइक दिला.

"सर," ती म्हणाली. आवाज ओळखल्याबरोबर त्यानं मला कागदांखाली आणखी आत सरकवलं. "सायकलवरून पडलात तेव्हा लागलं कुठं तुम्हाला?"

माझ्यात पडण्याचं पान नव्हतं. पण माणूस बोलण्यात तयार. "गुडघ्याला," तो हसत म्हणाला. "उजव्या. अजून वण आहे."

पुन्हा टाळ्या पडल्या. ती माइक परत देऊन खाली बसली.

कार्यक्रम संपल्यावर ती मागच्या खोलीत आली. पुस्तकावर सही घेणारे शेवटचे दोघं गेले, दार लागलं.

"ताई, तू येणार हे सांगायचंस तरी. पुढं जागा ठेवली असती."

"तिकीट काढून आले. परवा एक गिऱ्हाईक कोट घेऊन आलं. जुना कोट स्वतःच उसवायला जाऊन बिघडवून आणला होता. मी ओरडले तर मलाच सांगतं, 'ताई, शहाणं दिसायची हौस आहे तोवर काही येत नाही, आमचे सर म्हणतात.' म्हटलं, बघून तरी यावं कोण हे सर." तिनं हात पुढं केला. "माझी डायरी."

त्यानं मला दिलं. किती दिवसांनी तो हात लागला. बोटांची टोकं सुईनं खरखरीत झालेली. मला वाटलं, सुटले. ती पानं उलटायला लागली आणि लाल काने तिला दिसत गेले. पहिल्या पानावर, दुसऱ्या पानावर, सगळीकडे.

"रागावू नकोस," तो म्हणाला. आवाज खरंच मऊ होता. "तू लिहिलंस ते सोनं आहे. पण तुझ्या तोंडून कुणी ऐकलं असतं का, ताई? चेनी बदलणाऱ्या बाईचं?"

"नसतं ऐकलं. मी ऐकवायला लिहिलंच नव्हतं."

"तुला हवे तेवढे पैसे देतो. महिन्याच्या महिन्याला."

"आणि ते खिडकीचं?"

"तुझं नाव कुठं घेतलं मी?"

"लोक हसले."

एकदम त्याचा चेहरा बदलला. मी त्याला इतका खरा पहिल्यांदाच बघत होते. "निरोप आला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी आठ दिवस तुझ्या उशाशी बसलो होतो. कामावर गेलो नाही, नोकरी गेली माझी. आणि तू खोटं रडत होतीस?"

"खोटं नव्हतं रे. रडूही खरं होतं आणि झोपही खरी होती. ते तुला कळलं असतं तर लोक हसले नसते."

तिनं मला मिटलं आणि पर्समध्ये नाही, टेबलावर ठेवलं. त्याच्या बाजूला सरकवलं.

"राहू दे तुझ्याकडेच. हिच्यात आता माझं काही उरलं नाही."

ती गेली. भावानं दगा दिला तिला, हे सगळ्यांना पटेल. पण मला कुणी दिला? मी तिची होते. कान्यांच्या मागं अजून तिचीच अक्षरं होती, कोंबडीच्या पायासारखी. तिनं जरा निरखून पाहायला हवं होतं.

आता मी त्याच्या घरी काचेच्या कपाटात आहे. लिहिलेली पानं वापरून संपली. मधे एकदा त्यानं मला कोऱ्या पानावर उघडलं आणि स्वतः लिहायला बसला. 'आज' एवढं लिहिलं. पुढं तासभर पेन हलेना. मग त्यानं बहिणीला फोन लावला आणि माझ्याशेजारी ठेवला. वर्षाच्या अबोल्यानंतरचा फोन.

"ताई, कशी आहेस? हल्ली काय नवीन शिकतेस?"

"मी? काही नाही रे. आहे तेच चाललंय."

एवढंच बोलून तिनं फोन ठेवला. पण तेवढ्यात मी ऐकलं. तिच्या मागं पाणी उसळत होतं, शिट्टी वाजली आणि कुणीतरी ओरडलं, "ताई, चला, तुमचा नंबर. आज काठ सोडायचा." तो कोऱ्या पानाकडे बघत होता. त्याच्या कानावर काही पडलं नाही.

माझ्यात लिहिलेलं सगळं त्यानं नेलं. हे मात्र लिहिलेलं नाही, म्हणून माझ्यापाशी राहिलंय. न राहवून तुम्हाला सांगितलं. तुम्ही त्याला सांगू नका.