गंगाराम, रबाळे

मालकाने कारखान्याला टाळं ठोकलं तेव्हा गंगाराम त्रेपन्न वर्षांचा होता. मुंबईतल्या त्या कारखान्यात त्याने उभी हयात खाणकामगारांचे बूट शिवले होते. घरी बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं. शहात्तर साली त्याने कामगारांचे बूट बनवायला रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याची शेड घेतली. बरोबर मुलगा विलास, सून जयमाला आणि हिरामण नावाचा जुना कारागीर. समोर खाडी आणि मिठागरं, मागे पारसिकचा डोंगर. जयमालेची आई शेड बघायला आली आणि म्हणाली, "इथं कावळा फिरकत नाही, गिऱ्हाईक कुठून येणार?"

गिऱ्हाईक डोंगरावरून आलं. पारसिकच्या कड्यांवर चढायला येणारी पोरंपोरी फाटके कॅनव्हासचे बूट घेऊन शेडमध्ये डोकवायची. गंगाराम ते हातात घेऊन उलटसुलट करायचा आणि तोंड वाकडं करायचा. एक दिवस त्याने स्वतःच्या डोक्याने जोड बनवला: घोट्याच्या वर येणारा, जाड खाचांच्या सोलचा, आणि सोल चिकटवलेला नाही तर मेणाच्या दोऱ्याने शिवलेला. जयमालेने त्या पोरांचे वाऱ्याने फडफडणारे पातळ शर्ट बघितले आणि जाड कापडाची, टोपीवाली जर्किनं शिवायला घेतली. कापायची ती, शिवायची ती, आणि गळ्यामागे छोटी पट्टी लावायची, त्यावर 'गंगाराम, रबाळे'. तीच पट्टी बुटाच्या जिभेवरही. पाच-सहा वर्षांत अर्धी शेड डोंगराच्याच मालाने भरली.

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर नंदकिशोरशेठ गाडी घेऊन आले. मुंबईत त्यांची खेळाच्या सामानाची तीन दुकानं होती. त्यांनी बूट वाकवून पाहिला, जर्किनची शिवण ओढून पाहिली, आणि विलासला म्हणाले, "वर्षभर जेवढं बनवाल तेवढं घेतो. फक्त ही पट्टी काढायची. मी दुसरी देतो."

त्यांनी खिशातून काढलेल्या पट्टीवर बर्फाचा डोंगर होता आणि खाली परदेशी वाटेल असं एक नाव.

"आमचं नाव काय वाईट आहे?" जयमालेने मशीन थांबवून विचारलं.

"वाईट नाही हो वहिनी. पण माझं गिऱ्हाईक वेगळं. गंगाराम वाचलं की त्यांना फूटपाथवरचा मोची आठवतो."

शेडच्या कोपऱ्यात गंगाराम सोल शिवत होता. त्याने मान वर केली नाही. "बरोबर आठवतं," तो म्हणाला. "मी तिथंच शिकलो."

विलास घाईघाईने म्हणाला, "बाबा, आपण विचार करू ना जरा."

"विचार झाला," जयमाला म्हणाली. "शेठ, माल हवा तर या नावाने न्या. नाहीतर चहा घ्या आणि निघा."

शेठ चहा न घेताच निघाले. तिसऱ्या दिवशी विलास तिला म्हणाला, "एवढं काम आलं होतं दाराशी. तू परस्पर घालवलंस."

"मामांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या नावाचे बूट शिवले," ती म्हणाली. "आता तुमच्या हातून तेच करवून घ्यायचं? मी नाही शिवणार ती पट्टी."

महिन्याभरात बातमी पसरली, की रबाळ्याचा बूट पाण्यात गेला की सोल उलतो. कोणी पसरवली ते कळायला फार डोकं लागत नव्हतं. डोंगरवाल्या मंडळांनी सांगून ठेवलेले जोड एकेक करून रद्द केले. हिरामण म्हणाला, "लोकांचं तोंड कोण धरणार?"

"तोंड नाही धरायचं," जयमाला म्हणाली. "पाय दाखवायचे."

जानेवारीत मुंब्र्याच्या कड्यावर ठाण्याच्या एका मंडळाचं शिबिर होतं. त्याआधी तीन दिवस तिने बुटांचा एक जोड मिठागराच्या पाण्यात बुडवून ठेवला. मग स्वतःसाठी शिवलेली पॅन्ट आणि जर्किन घातलं आणि तो ओला जोड पायांत चढवला. जोड पुरुषांच्या सहा नंबरचा, म्हणून पुढे मोजे कोंबले. साडी सोडून पॅन्टमध्ये निघालेली सून बघायला आजूबाजूच्या शेडमधले कामगार रस्त्यावर आले. तिने कोणाकडे पाहिलं नाही. विलास मागोमाग निघाला.

शिबिरात सुमेधा नावाची मुलगी दोर सांभाळत होती. बँकेत नोकरी करणारी, मंडळातली सगळ्यात पक्की चढणारी. "ताई, तुमी कधी चढलायत?" तिने विचारलं.

"नाही. पण बूट माझ्या घरचा आहे. तू दोर धर."

कडा फार उंच नव्हता, पण जयमालेला तो आभाळाएवढा वाटला. अर्ध्यावर तिला पुढची खाच सापडेना. खाली कोणीतरी हसलं. त्या हसण्याने तिच्या अंगात असं काही उसळलं, की ती दात आवळून एकेक खाच शोधत वर गेली. माथ्यावर पोचली तेव्हा तळहात सोलले होते. खाली आल्यावर तिने बूट काढला, सगळ्यांसमोर दोन्ही हातांनी सोल पिळला आणि पुढे केला. "उलतोय का बघा."

बूट हातोहात फिरला. कोणाला काही सापडलं नाही. मंडळाच्या प्रमुखांनी, अरविंदसरांनी, रद्द केलेले जोड तिथल्या तिथे पुन्हा मागितले. विलासने वही काढली. लिहिताना त्याने बायकोच्या सोललेल्या तळव्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "शेठचं काम गेलं ते बरंच झालं."

उन्हाळ्यात नंदकिशोरशेठनी माणूस पाठवला. नाव तुमचंच ठेवा, पण माल द्या, असा निरोप. जयमालेने माल दिला. अट एकच घातली, की बूट काचेत, दर्शनी ठेवायचा आणि पट्टी बाहेर दिसली पाहिजे. ती स्वतः दुकानात जाऊन बघून आली.

त्याच आठवड्यात सुमेधा दोन मैत्रिणींना घेऊन शेडवर आली. "ताई, बायकांच्या पायाचा डोंगरी बूट कोणीच बनवत नाही. आमी किती दिवस मोजे कोंबायचे?"

गंगारामने तिला स्टुलावर बसवलं, कागदावर तिचा पाय ठेवायला लावला आणि पेन्सिल सुनेच्या हातात दिली. "तू काढ," तो म्हणाला. "माझी नजर आता पक्की नाय."

जयमाला खाली बसली आणि अंगठ्यापासून रेघ ओढू लागली.