नानांच्या बुधलीतलं तेल

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. आता दोन वर्षं होतील, पण दादरच्या टिळक पुलाच्या उतारावर मला जो धक्का बसला, त्यातून मी अजून सावरलेली नाही. आम्हां गाड्यांना हृदय नसतं असं म्हणतात. मग पूल दिसला की माझं इंजिन का अडखळतं?

मी मूळची पलटणीतली. महायुद्धात बोटीने मुंबईला उतरले. पलटणीत सगळं शिस्तीत चाले. इंजिनाचं तेल वेगळं, गिअरचं वेगळं, ब्रेकचं त्याहून वेगळं, आणि प्रत्येकाचा डबा निराळा. युद्ध संपलं आणि एके दिवशी माझा लिलाव झाला. मला वाटलं होतं, निदान कोणी निरोप तरी घेईल. कसचं काय.

गिरगावच्या शरदचंद्रांनी मला घेतलं. जुनं, घरंदाज कुटुंब. दहा वर्षं त्यांनी मला पुसून लख्ख ठेवलं. पण वय कोणाला चुकलंय? रेडिएटर गळू लागला, स्प्रिंगांचे पाटे बसले, पेट्रोल तर मी पाण्यासारखी पिऊ लागले. एकदा दोन टायर आणि बॅटरी यांचं बिल एकदम आलं. ते वाचून शरदचंद्र मटकन खुर्चीत बसले. पुढच्याच महिन्यात त्यांनी मला विकलं. गिऱ्हाइकाला म्हणाले, "गाडी अगदी शांत आहे." खरंच होतं ते. त्या दिवशी मी सुरूच होत नव्हते.

ते गिऱ्हाईक म्हणजे घोडपदेवचे नाना. तीस वर्षं मिलमध्ये यंत्रांना तेल घालून नुकतेच निवृत्त झालेले. फंडाचे पैसे त्यांनी माझ्यात घातले. भाड्याने सामान वाहायचं आणि संयुक्त महाराष्ट्राची सभा असली की कर्णा लावून फुकट फिरायचं, असा त्यांचा बेत. त्यांच्या पत्नी मीराबाईंनी कपाळाला हात लावला, पण रात्रभर बसून माझ्या सीटांना खोळी शिवल्या त्यांनीच. नानांनी आधी माझी गिअरपेटी गळते हे पाहिलं आणि खूश होऊन म्हणाले, "गळतंय म्हणजे आत तेल आहे. कोरडी असती तर काळजी." मी चाट पडले. गळणारं ते तेल थेट माझ्या हातब्रेकच्या पट्ट्यावर मुरत होतं.

तरी मला नाना आवडत. इतक्या मायेने माझ्याकडे कोणी पाहिलं नव्हतं.

मग खंडेनवमी आली. गिरणगावात या दिवशी यंत्रांची पूजा असते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. नानांनी मला धुतलं, झेंडूची माळ घातली आणि चाकापुढे नारळ फोडला. निवृत्तीच्या दिवशी दोस्तांनी दिलेली लांब चोचीची बुधली घरातून आणली. तिच्यात मिलचं पातळ, पाण्यासारखं तेल होतं.

"आज एक भोक उपाशी ठेवायचं नाय," ते मीराबाईंना म्हणाले आणि सगळीकडे दोन-दोन थेंब सोडत निघाले. दाराच्या बिजागऱ्या झाल्या, स्प्रिंगा झाल्या. शेवटी पायाखालची फळी उचलून त्यांनी ब्रेकच्या तेलाची लहान टाकी उघडली. ती थोडी रिकामी दिसली, म्हणून काठोकाठ भरली.

मित्रांनो, मी थिजले. त्या टाकीखाली रबराच्या वाट्या असतात. पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो तो त्यांच्यामुळे. मिलच्या तेलात त्या फुगतात आणि कुजतात. मला वाचा असती तर मी किंचाळले असते. नाना मात्र झाकण लावून मला नमस्कार करत होते.

आठवडाभरात माझे ब्रेक सुटेनासे झाले. चाकं तापू लागली, जळका वास येऊ लागला. नानांनी लालबागच्या हेरंब मिस्त्रीला दाखवलं. हेरंबने चाकाला हात लावून झटकन मागे घेतला.

"नाना, ब्रेक उघडायला लागतील. चार दिवस गाडी इथंच ठेवा."

"चार दिवस? परवा चाळीतल्या बायकांना शिवाजी पार्कला सभेला न्यायचंय. शब्द दिलाय मी."

"शब्द ठीक आहे, पण ब्रेक आहेत हे."

"अरे, तीस वर्षं मशीनला तेल घातलंय. तू मला शिकवतोस?"

घरी येऊन त्यांनी टाकीत आणखी तेल ओतलं.

सभेच्या दिवशी मीराबाई पुढे बसल्या, मागे सहा बायका झेंडे घेऊन दाटीवाटीने बसल्या. घोषणा देत आम्ही टिळक पुलावर चढलो. चढताना सगळं ठीक होतं. शिवाजी पार्कच्या बाजूचा उतार लागला, खाली सभेला निघालेल्या माणसांनी रस्ता भरलेला, आणि नानांनी ब्रेकवर पाय ठेवला. पाय थेट फळीला टेकला.

कुजलेल्या वाट्यांत जोरच उरला नव्हता. नानांनी हातब्रेक ओढला. तो तेलाने बुळबुळीत झालेला, कशाला धरतोय? गिअर उतरवायला गेले, तो बसेना. मीराबाई ओरडल्या, "अहो, माणसं!"

मी पलटणीतली, म्हणून माझं स्टिअरिंग डावीकडे. पुलाचा दगडी कठडाही डावीकडे. म्हणजे मला कठड्याला घासायचं तर मध्ये नाना स्वतः. त्यांना ते कळलं होतं, कारण त्यांनी मीराबाईंना उजव्या हाताने दूर लोटलं आणि मग चाक कठड्याकडे फिरवलं.

गर्दीपासून वीसएक हातांवर मी थांबले. कोणाला खरचटलंही नाही. नानांचा डावा पाय मात्र माझ्या चेपलेल्या पत्र्यात अडकला होता.

मग चाळ माझ्यावर उलटली. पनवती आहे, मोडीत घाला, असं जो तो म्हणू लागला. मीराबाई तर हॉस्पिटलातून येता-जाता मला शिव्या घालत. त्याचं मला नवल वाटलं नाही, पण दुःख फार झालं. भंगारवाला येऊन बघून गेला.

तो मला न्यायला येण्याआधी हेरंबने माझे ब्रेक उघडले. ती फुगलेली रबरी वाटी कागदात गुंडाळून तो हॉस्पिटलात गेला. पुढचं मला त्याच्याच तोंडून कळलं. नानांनी ती वाटी नाकाशी नेली. ज्या वासात तीस वर्षं काढली, तो त्यांना ओळखू येणार नाही का? त्यांनी ती मीराबाईंच्या हातात ठेवली. मग बायकोला म्हणाले, "गाडीचा दोष नाय गो. हे मी घातलं. खंडेनवमीला, माझ्या हाताने. चाळीत सगळ्यांना सांग."

"मी सांगू?"

"तू सांग. मी घरी आलो की परत सांगेन."

मीराबाई परतल्या तेव्हा भंगारवाला मला तोडून न्यायला हातगाडी घेऊन आला होता. चाळीच्या गॅलऱ्यांत माणसं उभी होती. त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हिला नेऊ नका. हिचं काही चुकलं नाही, आमच्या माणसाने चुकीचं तेल घातलं." मग त्यांनी भंगारवाल्याला हातगाडीसकट परत पाठवलं.

मित्रांनो, जुन्या यंत्रावर माया जरूर करा. पण ज्याला कळतं त्याला आधी विचारा, आणि तो चार दिवस मागत असेल तर ते द्या. नाना आता काठी टेकत चालतात. ते जिन्यावरून उतरताना एकेका पायरीवर थांबतात, तेव्हा मला दुसरीकडे बघता येत नाही.