अंगाला न सोसलेलं कापड

मी कापडाचा एक तागा. निळ्या चौकड्यांचा, पॉलिस्टरचा. आता खरं तर ताग्यातला उरलेला तुकडाच. पण सांगतोय ते साऱ्या ताग्याचं आहे.

एका मोठ्या गिरणीत माझा जन्म झाला. कापसाचा एक धागाही माझ्यात नाही, त्यामुळे घाम टिपणं मला कधी जमलंच नाही. तिथून नगरच्या बाजारात आलो आणि एका दुकानात पंख्याखाली जाऊन बसलो.

मे महिन्यात तिसगावकडच्या एका शाळेच्या समितीचे अध्यक्ष आबासाहेब गणवेशाचं कापड बघायला आले. माझ्याशेजारी एक सुती तागा होता. त्यांनी तो मुठीत चुरगाळला, त्याला सुरकुत्या पडल्या. मला चुरगाळलं, तर मी लगेच सरळ झालो. तेव्हा मला माझ्या सरळपणाचा तोरा चढला होता.

"हेच द्या. फोटोत पोरं उठून दिसतील," आबासाहेब म्हणाले. उन्हात हे कापड अंगाला कसं लागेल, हे त्यांनी विचारलं नाही आणि दुकानदारानंही सांगितलं नाही.

जूनमध्ये माझे शर्ट झाले. त्यातला एक पाचवीतल्या प्रज्ञाच्या अंगावर गेला. इतर पोरंही माझ्यात उकडत होती. पण प्रज्ञाची कातडी नाजूक. तिच्या मानेवर लाल पुरळ उठलं आणि ती वर्गात खाजवू लागली. शेजारची दिशा हळूच उठून दुसऱ्या बाकावर गेली. मग पाण्याच्या टाकीपाशीही पोरं तिच्यापासून लांब उभी राहू लागली.

एकदा आबासाहेब वर्गात आले. तिला खाजवताना बघून सगळ्यांसमोर म्हणाले, "आईला सांग, रोज अंघोळ घालत जा म्हनावं. अशानं साऱ्या वर्गाला लागंल."

प्रज्ञानं मान खाली घातली. त्या मानेला मीच चिकटलेलो होतो.

घरी तिनं आईला, भिमाबाईला, ते सांगितलं. भिमाबाईच्या आजीला गावच्या विहिरीवर लांब उभं करायचे. ते ऐकतच भिमाबाई मोठी झाली, म्हणून ती घर इतकं लख्ख ठेवायची, की कुणाला बोट दाखवायला जागा नसायची. तिनं पोरीला घासून घासून न्हाऊ घातलं, मला कढत पाण्यात उकळलं आणि सकाळी त्या सोललेल्या मानेवर पुन्हा चढवलं.

"आई, लई झोंबतंय."

"घाल बाई. गनवेश न्हाई घातला तर अजून बोलतील."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पंधरा ऑगस्टला आबासाहेबांनीही माझाच शर्ट घातला. पोरांसारखं दिसावं म्हणून हौसेनं शिवून घेतलेला. झेंडावंदन झालं, भाषण सुरू झालं. ऊन चढलं तसा मी त्यांच्या पाठीला चिकटलो. त्यांनी कॉलर ओढली, खांदे हलवले. शेवटी एका हातात माईक धरून दुसऱ्या हातानं ते मान खाजवू लागले. पोरं खुदूखुदू हसली. प्रज्ञा हसली नाही. आबासाहेबांची नजर तिच्या मानेवर गेली आणि भाषण तिथंच तुटलं.

संध्याकाळी ते भिमाबाईच्या दारात आले. "कापड वाईट निघालं. बदलून टाकू."

"बदला की," भिमाबाई म्हणाली. "पन पोरीला तुमी साऱ्या वर्गात बोलला. मला एकटीला हितं कशाला सांगता?"

आबासाहेब आले तसे परत गेले.

पुढच्या सोमवारी परिपाठाला ते पोरांपुढं उभे राहिले. "प्रज्ञाला काई रोग न्हाई. कापड मी निवडलं, तिला बोललो बी मीच. दोन्ही चुकलं." आवाज इतका बारीक होता, की मागच्या रांगेला तो ऐकू गेला नसावा.

दिशा त्या दिवशी पुन्हा प्रज्ञाशेजारी येऊन बसली. प्रज्ञानं दप्तर दोघींच्या मध्ये ठेवलं.

दिवाळीनंतर सुती शर्ट आले. पुरळ गेलं. उरलेल्या तुकड्याचा, म्हणजे माझा, शाळेच्या स्वयंपाकखोलीच्या खिडकीला पडदा झाला. लेकरांसाठी कापड निवडणाऱ्यांनो, मला नुसतं चिमटीत धरून पारखू नका. एक दिवस उन्हात स्वतःच्या अंगावर वागवा, एवढंच मागणं.

दुपारी प्रज्ञा खिचडीचं ताट घेऊन या खिडकीजवळून जाते. वारा आला की मी फडफडतो आणि ती मान आखडून बाजूला होते. मला हात असते, तर तेवढा वेळ मी गजांना घट्ट धरून राहिलो असतो.