नावाचा रकाना

आमच्या मुलीच्या हृदयाला भोक होतं आणि तिच्या दोन्ही आज्या तिचं नाव काय ठेवायचं यावर भांडत होत्या. सासूबाईंना त्यांच्या आईचं नाव हवं होतं, माझ्या आईला काहीतरी नवं, सुटसुटीत. नवरा दोघींनाही मान डोलावून मोकळा व्हायचा. डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन दोन महिन्यांच्या आत व्हायला हवं. खर्चाचा आकडा ऐकून नवरा खुर्चीत बसला तो उठेचना.

मी पावाच्या कारखान्यात कामाला. तिथल्या आरोग्यविम्यात मूल घालायचं तर महिन्याभराची मुदत. ती हुकली की पुढच्या वर्षी नोंदणी उघडेपर्यंत हात चोळत बसा. फॉर्म घरात आणून ठेवला होता, पण पहिलाच रकाना नावाचा. तिथंच आमचं घोडं अडलं होतं.

"नाव ठरलं की भरू," नवरा रोज म्हणायचा. "दिवस आहेत अजून."

मलाही तसंच वाटायचं. दवाखान्यातून घरी आलो त्या दिवसापासून आम्ही महिना धरला होता. पोरगी त्याआधी काचेच्या पेटीत पडून होती, ते दिवस आमच्या हिशोबातच नव्हते.

शुक्रवारी दुपारी कारखान्यातल्या भट्टीवरच्या ताईंचा फोन आला. बाळ दूध पितं का, रात्री झोपू देतं का, सगळं विचारून झालं आणि मग म्हणाल्या, "विम्याचं झालं ना गं?"

"करतोय ताई. वेळ आहे."

"कसला वेळ? अगं, जन्मापासून धरतात, घरी आल्यापासून नाही! माझ्या सुनेचं असंच झालं होतं. तुझी मुदत या रविवारी संपते. विम्याचं ऑफिस आज पाचला बंद झालं की सोमवारीच उघडेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन्ही आज्यांचा राग आला, नवऱ्याचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. टाके अजून ओढत होते. तरी फाईल काखेत मारली आणि पोरीला छातीशी घेतलं.

"अगं, पण नाव?" सासूबाई म्हणाल्या.

"पाच मिनिटं थांब, ठरवतोच," आई म्हणाली.

"ठरवा निवांत. मी निघाले."

बसमध्ये नवऱ्याचा फोन आला. "ऐक ना, मी दोघींशी एकदा बोलतो, मग तू..." मी फोन कट केला.

पोचले तेव्हा ऑफिसातला क्लार्क टेबलाच्या खणाला कुलूप लावत होता.

"आता सोमवारी या, बाई."

"सोमवारी मुदत संपलेली असेल. मी इथून हलणार नाही."

तेवढ्यात पोरीनंही भोकाड पसरलं. क्लार्कनं आमच्या दोघींकडे पाहिलं आणि निमूट कुलूप काढलं.

मी लिहायला बसले आणि नावाच्या रकान्यापाशी हात थांबला. कुठल्याही एका आजीच्या पसंतीचं नाव लिहिलं असतं तर दुसरीनं जन्मभर ऐकवलं असतं. मरू दे, म्हटलं, आणि पेन टेकवलं.

"ठरलं नसेल तर राहू दे," क्लार्क म्हणाला. "तुमचं नाव लिहा आणि पुढं 'यांची मुलगी'. तिचं नाव नंतर कधीही घालता येतं. मुदत मात्र मला वाढवता येत नाही."

महिनाभर आम्ही त्या रकान्यासाठी भांडलो होतो! मला हसूही आलं आणि रडूही. शिक्का बसलेली पावती हातात येईपर्यंत मी खुर्ची सोडली नाही.

घरी आले तर दोन्ही आज्या दारातच उभ्या.

"काय नाव दिलंस शेवटी?" सासूबाईंनी विचारलं.

"माझं."

मी पावती पुढं केली. सासूबाईंनी ती वाचली, आईच्या हातात दिली आणि पोरीला माझ्याकडून घेतलं.

"तिला आधी ठणठणीत होऊ दे," त्या आईला म्हणाल्या. "मग भांडू आपण."

आई मान हलवून डोळे पुसत होती. मी डॉक्टरांना फोन लावला आणि ऑपरेशनची तारीख मागितली.