हलका हात

"हात सुजलाय माझा आणि तू मान काय कुरवाळत बसलीस?" ताई म्हणाली. सात वर्षांनी धाकट्या बहिणीशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य.

धाकटी हसली नाही आणि रागावलीही नाही. इस्पितळाच्या मागच्या अंगाला असलेल्या या छोट्या खोलीत येणारी प्रत्येक बाई पहिल्या दिवशी हेच म्हणे. सोबत आलेले नातेवाईक तर "दुखणं म्हशीला अन् डाग पखालीला" असं पुटपुटत बाहेरच्या बाकावर जाऊन बसत. मग दहा मिनिटांत बाईला अशी झोप लागे की शेवटी हलवून उठवावं लागे.

स्तनाच्या ऑपरेशनमध्ये ताईच्या काखेतल्या लसीकाग्रंथीही काढाव्या लागल्या होत्या. शरीरात रक्ताखेरीज आणखी एक फिकट पाणी हिंडत असतं. त्याला ढकलायला हृदय नसतं. आपण श्वास घेतो, हातपाय हलवतो, त्या जोरावर ते बिचारं सरकत राहतं. वाटेत या ग्रंथींचे नाके लागतात, आणि तिथे पांढऱ्या पेशी येणाऱ्याजाणाऱ्याला हटकत बसलेल्या असतात. नाकेच उठले की पाण्याची वाट मोडते आणि ते हातात तुंबून राहतं. त्याला दुसऱ्या वाटेला लावायचं, एवढंच धाकटीचं काम. पण आधी पुढची जागा मोकळी करावी लागते. म्हणून पहिल्यांदा मान, मग धडधाकट बाजूची काख, मग छाती, आणि सुजलेला हात अगदी शेवटी. दाब इतकाच की वरची कातडी सरकावी. शिकताना ती टेबलावर पातळ कागद पसरून त्याला सुरकुती न पाडता बोटं फिरवायची.

भांडणाचं मूळही हा हलका हातच. ताई शिंपीण. आई गेल्यावर तिने कात्रीच्या जोरावर घर ओढलं आणि धाकटीला नर्स केलं. ती धाकटी भरल्या वॉर्डातलं काम सोडून या खोलीत आली, तेव्हा ताई म्हणाली होती की गोंजारण्याला काम म्हणत नाहीत, कामाने हाताला घट्टे पडतात. धाकटी कसली गप्प बसतेय? तुझे घट्टे तुलाच लखलाभ, म्हणाली. तेव्हापासून बोलाचाली बंद. गेल्या वर्षी ताईच्या ऑपरेशनचं कळलं तेव्हा धाकटीने चपला घातल्या, दारापर्यंत गेली आणि पुन्हा काढून ठेवल्या. त्याची तिला अजून लाज वाटत होती.

आणि ताई तरी काय कमी? सूज दिसताच तिने दुकानातल्या काज-बटणवाल्या बाईकडून दोन महिने गरम तेलाने हात रगडून घेतला. जोर लावला की सगळं सुतासारखं सरळ होतं, ही तिची जन्माची समजूत. हात दुप्पट झाला तेव्हा डॉक्टरांनी तिला इकडे धाडलं.

ताईने पिशवीतून जुनी, काळी, जड कात्री काढली. सुजलेला अंगठा कडीला टेकवून दाखवला.

"हिच्यात अंगठा जाऊ दे. बाकी मला काही नको. महिन्याभरात गेला नाही तर दुकान बंद."

मग रोज दुपारी ताई येऊ लागली. धाकटी आधी टेपने हात मोजायची, मनगटापासून चार-चार बोटांवर, आणि आकडे लिहून ठेवायची. पडदा ओढला की खोलीत पाण्याच्या तळाशी असावा तसा उजेड पडे. भिंतीवरच्या तक्त्यातला माणूस आपल्या हिरव्या वाटा घेऊन उभा असे. घशात टॉन्सिल, छातीच्या हाडामागे थायमस, डाव्या बरगडीखाली प्लीहा, आणि काखेत दाण्यांसारख्या ग्रंथी. ताईची नजर त्या दाण्यांवर रेंगाळे आणि डोळे मिटत. अर्धवट झोपेत ती आईच्या साबणाबद्दल बोले, न मिटणाऱ्या खिडकीबद्दल, शिलाई मशीनखाली व्यालेल्या मांजरीबद्दल. धाकटी हुंकार देई. तिला वाटे, आपल्या बोटांखालून पाणी नाही, जुनी वर्षंच सरकतायत. दोघीही लांबून सुरुवात करत होत्या.

एका दुपारी ताई मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "ऑपरेशनच्या वेळी इस्पितळात दार वाजलं की वाटायचं, तूच आलीस."

धाकटीची बोटं थबकली. "चपला घातल्या होत्या मी, ताई."

"मग?"

"काढल्या."

ताईचा श्वास संथ चालला होता.

"थांबलीस का?" ती म्हणाली. "चालू ठेव."

धाकटीने डोळे खांद्याला पुसले आणि पुन्हा मानेपासून सुरुवात केली.

महिना संपला. हात पुष्कळ उतरला होता. मनगटाचं हाड परत दिसू लागलं होतं. ताईने कात्री घेतली. अंगठा कडीत नखाच्या पुढे गेला, पेरापाशी अडला. तिने एकदाच रेटून पाहिलं.

"आणखी महिनाभर केलं तर?"

ताईशी खोटं बोलणं धाकटीला कधीच जमलं नव्हतं. "आणखी थोडं उतरेल. पूर्ण नाही जायचं. रोज पट्ट्या बांधायच्या, जपायचं. आणि जड कात्री तर आता नाहीच."

ताईने मान हलवली. कात्री पदराला पुसून तिने पट्ट्यांच्या गुंडाळ्यांशेजारी ठेवली.

"तुझ्याकडे असू दे. पट्ट्या कापायला होईल."

"आणि दुकान?"

"कापायला ठेवीन कुणाला तरी. मापं मीच घेणार." मग तिची नजर धाकटीच्या दंडावर गेली. "ही बाही कुणी शिवली? नुसतं पोतं झालंय. उभी राहा, हात वर कर."

टेबलावरची टेप तिने उचलली, महिनाभर तिचाच हात मोजणारी. ताई माप घ्यायची ते टेप आवळून, लहानपणी धाकटीच्या दंडावर वळ उठायचे. धाकटीने सवयीने अंग चोरलं आणि डोळे मिटून घेतले.

टेप कधी लागली आणि कधी निघाली, ते तिला कळलंच नाही. ताई आकडे पुटपुटत होती. धाकटी तशीच हात वर करून उभी राहिली.