चाळीस माणसांना काम हवं

माणूस रिकामा बसलेला मला बघवत नाही. आमच्या कंपनीत हा माझा गुण समजतात, म्हणून मिहानमधल्या ऑफिसातलं व्हॉलंटियरिंगचं सगळं लचांड माझ्या गळ्यात आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याने वर्षाला आठ तास समाजासाठी द्यायचे, असा नियम. समाजाला ते हवेत का, हे विचारायचा रकाना फॉर्मात नाही.

फेब्रुवारी संपत आला आणि तास कमी पडायला लागले. सुमंत सरांचा पुण्याहून फोन आला. "ऋतुजा, मार्च आला बरं का." एवढं बोलून ठेवलासुद्धा. मी त्याच मिनिटाला गोळीबार चौकामागच्या एका हातमाग केंद्रात फोन लावला. सहा माग, दहा-बारा बाया आणि एक म्हातारे विणकर, एवढाच त्यांचा पसारा. गोपिकाताई तो चालवतात.

"चाळीस जण?" त्या म्हणाल्या. "मॅडम, माझ्याजवळ चार जणांचं काम आहे."

"निघेल हो काहीतरी."

"बरं, बाहेरच्या भिंती रंगवा, आंगण साफ करा. पण मागाच्या खोलीत कोणी हात लावू नका."

"नक्की," मी म्हटलं. मी दिवसातून वीस वेळा नक्की म्हणते.

शनिवारी बस भरून आम्ही गेलो. निळे टी-शर्ट, बॅनर, फोटोग्राफर, सगळा लवाजमा. मी ओट्यावर उभी राहून भाषण ठोकलं. "मी स्वतः कोष्ट्याची नात आहे. तांडापेठेत माझ्या आजोबांचा माग होता." टाळ्या पडल्या. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त त्या मागाचं मला एवढंच आठवत होतं, की त्याखाली लपायला छान जागा होती.

अकरा वाजता भिंती रंगवून झाल्या. चाळीस माणसं लागली की भिंत किती वेळ पुरणार? पंचवीस-तीस जण मोबाइलमध्ये डोकं घालून उभे. बस एक वाजता येणार. माझ्या पायांना मुंग्या यायला लागल्या. गोपिकाताई चहाचं बघायला गेल्या होत्या. मी प्रज्वलला हाक मारली. हा आमच्या टेस्टिंग टीममधला, सांगितलेलं काम जीव लावून करणारा मुलगा.

"आतली खोलीपण घ्या रे. जळमटं, कचरा, सगळं काढा."

पाच मागांवर अर्धवट कापड होतं, त्यांना कोणी हात लावला नाही. तेवढी अक्कल सगळ्यांना होती. खिडकीजवळचा सहावा माग मात्र रिकामा दिसत होता. पुढे-मागे वीत-वीतभर धाग्यांची टोकं लोंबत होती, धूळ खात. प्रज्वलने ती कात्रीने कापली, उरलेली ओढून काढली, पिशवीत भरली आणि लाकूड ओल्या फडक्याने पुसून लख्ख केलं. त्या लख्ख मागाचा फोटो मी स्वतः काढला.

तेवढ्यात नत्थूजी आले. हेच ते म्हातारे विणकर, वय चौऱ्याहत्तर, अंगात पांढरा सदरा. नेहमीच्या सवयीने ते थेट खिडकीकडे गेले आणि त्यांनी मागाच्या फणीवर हात ठेवला. हात या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. पुन्हा परत आला.

"टोकं कुठं गेली?"

"कचरा होता ना काका, काढून टाकला," प्रज्वल हसून म्हणाला.

मागे बसलेल्या पोरीने, रोशनीने, तोंडावर हात ठेवला. ती नत्थूजींच्या हाताखाली शिकत होती.

मग आम्हाला सांगण्यात आलं ते असं. एक ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, विणून संपला, की विणकर तो मुळापासून काढत नाही. फणीत आणि तिच्यामागच्या सुताच्या फाशांत वीतभर टोकं ठेवतो. नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्या टोकाला पिळून सांधायचा आणि हळूच ओढून घ्यायचा. असा एकदा भरलेला माग वर्षानुवर्षं चालतो. नत्थूजींचा अकरा वर्षांपूर्वी भरला होता. सांधायला डोळे लागत नाहीत, बोटं पुरतात. नव्याने भरायला मात्र नजर लागते, आणि नत्थूजींची नजर साखरेच्या आजाराने खाल्ली होती. भरून देणारे एक रुपराव होते, ते गेल्या वर्षी वारले.

"कोनं सांगतलं होतं काढाले?" नत्थूजींनी विचारलं.

प्रज्वलने माझ्याकडे पाहिलं. "मी," मी म्हटलं.

"जाऊ द्या मॅडम. तुम्ही तं चांगलंच कराले आल्या होत्या."

त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शिव्यांची कसर गोपिकाताईंनी गल्लीत भरून काढली. "सांगतलं होतं न मी तुम्हाले? कानात बोळे घातले होते का? त्यायचा पोरगा दर आठवड्याले काटोलहून येते, आता चला म्हणते. माग चालू आहे म्हणून हा माणूस इथं टिकून आहे. आता महिन्याच्या आखरीले घेऊन जाईन तो. तिथं काय करतीन हे? भिंतीकडं तोंड करून बसतीन!"

"किती धागे असतात?"

"चोवीसशे."

"मी दहा माणसं पाठवते. एका दिवसात..."

"दहा माणसं एका फणीत हात घालतीन काय? दोन लागतात. एक पुढं, एक मागं. अन् डोकं थंड लागते."

परतीच्या बसमध्ये अंताक्षरी रंगली. प्रज्वल माझ्या शेजारी येऊन सॉरी म्हणाला. "तुझी चूक नाही," हे मी अशा आवाजात सांगितलं, की बिचारा उठून मागे जाऊन बसला.

सोमवारी सुमंत सरांना सगळं सांगितलं. ते खूश झाले. "अरे वा, मग करा की! व्हिडिओ करा. बंद पडलेला माग कंपनीने पुन्हा सुरू केला."

"सर, बंद आपणच पाडला."

"ते सांगायची गरज आहे का?"

मी आठ दिवसांची रजा टाकली. कारणाच्या जागी लिहिलं, घरगुती.

मी मागाच्या पुढे बसले, धागे ओढायचा आकडा घेऊन. रोशनी मागे बसून एकेक धागा पुढे करणार. आधी फाशातून, मग फणीच्या फटीतून दोन-दोन धागे ओढून घ्यायचे. पोरीचा स्वतःचा माग माझ्यापायी बंद होता, हे तिने मला विसरू दिलं नाही. पहिल्या दिवशी माझे दीडशे धागे झाले. दर दहा धाग्यांनंतर माझा हात फोनकडे जायचा. दुपारी रोशनी तडकली. "तो फोन बाहेर ठेवून या न. एक धागा ओढता अन् दोनदा तिकडं पाहता."

ठेवला बाहेर. तरी कान तिकडेच. पाठ मोडली, मांड्या भरून आल्या, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्याहून वाईट म्हणजे नत्थूजी. ते खिडकीपाशी स्टुलावर बसून असायचे. अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळत राहायचे, धागा नसताना सांधत राहायचे. तासातासाने विचारायचे, "किती झाले?" मी आकडा सांगायची. ते "हाव" म्हणायचे. त्या हातांकडे बघवेना, म्हणून मी घाई करायची, आणि घाई केली की धागा तुटायचा.

चौथ्या दिवसापासून हात बसला. पाचव्या दिवशी नत्थूजींचा मुलगा डोकावला, वडिलांशी दारात बोलला. "माग चालू होत असन तं राहा मग," एवढं आमच्यासमोर म्हणून बस पकडायला गेला. त्यानंतर तर मी जेवायलाही उठेना.

आठव्या दिवशी दुपारी शेवटचा धागा फणीतून बाहेर आला. मी ओरडलेच. रोशनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहून हसली. नत्थूजी उठले, सदऱ्याला हात पुसले आणि त्यांनी फणीपुढच्या धाग्यांवरून तळहात फिरवायला सुरुवात केली, डावीकडून उजवीकडे. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की मला रडू येईल असं वाटलं.

उजव्या काठाच्या बराच अलीकडे हात थांबला.

मी वाकून पाहिलं. फणीची एक फट रिकामी होती. तिच्यातले दोन धागे मी पुढच्या फटीत घातले होते आणि तशीच पुढे गेले होते. आता कापड विणलं की त्या जागी सुरुवातीपासून शेवटापर्यंत एक उभी रेघ राहणार. घालवायची तर तिथून काठापर्यंतचे सातशे धागे फणीतून काढून पुन्हा भरायचे.

"राहू द्या मॅडम," नत्थूजी म्हणाले. "लय केलं तुम्ही. कोनाले दिसते?"

"वा!" रोशनी मागून फटकन बोलली. "मले तं मागच्या महिन्यात एका फटीसाठी अख्खा काठ उसवाले लावला होता."

"तू शिकून राहिली," ते म्हणाले. "त्या पाहुण्या आहेत."

मला राग आला. बसभर माणसं घेऊन आले तेव्हा पाहुणी, आठ दिवस पाठ मोडून घेतली तरी पाहुणीच. मग लक्षात आलं, की राग त्यांच्यावर धरता येत नाही. पाहुण्याने घाण केली तरी त्याला पाणी विचारतात, तसं ते मला विचारत होते.

रजा संपली होती. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पुण्याच्या लोकांसमोर वर्षाचे तास मांडायचे होते. उठून हात धुतले असते तर संध्याकाळी माग सुरू झाला असता. रेघ कोणाला दिसली नसती. नत्थूजींच्या बोटांना मात्र ती रोज लागली असती, आणि ते कोणाला बोलले नसते.

मी उजवीकडे सरकले, काठाचा पहिला धागा चिमटीत धरला आणि फणीतून मागे ओढला. मग दुसरा.

"काहून काढून राहिल्या?"

"तुमच्या बोटाले दिसलं न, काका," मी म्हटलं. आजोबा गेले तेव्हापासून मी असं बोलले नव्हते.

ते स्टूल ओढत माझ्याजवळ आले, चाचपडत त्यांनी माझं मनगट शोधलं आणि धरलं.

"एवढ्या जोरानं नोको ओढू वं पोरी," ते म्हणाले. "तुटन. घाई कायची आहे तुले?"