उजव्या कडेपर्यंत

ऑफिसात तिला सगळे रेघवाली म्हणत आणि आपल्याला ते आवडत नाही असं ती दाखवत असे. काम मात्र नावाला साजेसंच होतं. रक्तदाबाच्या नोंदी ठेवणाऱ्या एका ॲपमध्ये आकड्यांचे आलेख काढायचे, एवढंच तिच्याकडे होतं. माणसाने मशीनचा पट्टा दंडाला बांधून बटण दाबलं की आकडा आपोआप फोनमध्ये येई, आणि तिथून पुढे तिचं राज्य सुरू होई. तळहाताएवढ्या स्क्रीनवर कुणाचा तरी अख्खा महिना बसवायचा म्हणजे खायचं काम नाही. उभ्या बाजूला किती आकडे लिहायचे, तारखा एकमेकींच्या डोक्यावर बसू नयेत म्हणून त्यातल्या कुठल्या गाळायच्या, रेघेवर बोट ठेवलं की काय दिसावं, अशा गोष्टींवरून ती लोकांशी कडाकडा भांडली होती. बहुतेक वेळा जिंकलीही होती.

हरली होती ती दोनदाच. पहिलं भांडण ठिपक्यांचं. आधी प्रत्येक नोंदीला रेघेवर एक ठिपका असे. डिझायनरने नाक मुरडलं, म्हणाला, स्क्रीनला कांजिण्या आल्यासारख्या दिसतात. ठिपके गेले, नुसती रेघ उरली. दुसरं भांडण उजव्या कडेचं. शेवटची नोंद चार दिवसांपूर्वीची असली की रेघ तिथेच संपायची आणि पुढे पांढरी जागा उरायची. ती जागा टीम लीडच्या डोळ्यांत खुपायची. लोकांना वाटतं ॲप बंद पडलं, असं त्याचं म्हणणं. मग तिने शेवटचा आकडा धरून रेघ आजच्या तारखेपर्यंत सरळ ओढली आणि उजव्या कडेला नेऊन टेकवली. दोन ओळींचं काम. खरं सांगायचं तर या भांडणात तिने फारसा जोर लावलाच नव्हता. रेघ कडेपर्यंत पोचल्यावर चित्र पुरं झाल्यासारखं दिसत होतं आणि ते तिलाही आवडलं होतं.

ॲपमध्ये आणखी एक सोय होती. आपला आलेख घरच्या एखाद्या माणसाला बघू देता यायचा. तिच्या फोनवर दादाचा आलेख दिसे.

दादा तिच्याहून चौदा वर्षांनी मोठा. बसने तीन तासांवरच्या दुसऱ्या गावात त्याचं फोटोंच्या चौकटींचं दुकान होतं, आणि दुकानाच्या वरच्याच खोलीत तो एकटा राहायचा. आईवडील वर्षभराच्या अंतराने गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिला त्यानेच वाढवलं. वेणी घालणं काही केल्या जमेना, तेव्हा त्याने तिचे केस चौकटीचा पुठ्ठा कापायच्या कात्रीने कापून टाकले होते, आणि शाळेत ती वर्षभर मुलासारखी हिंडली होती. लग्न का केलं नाहीस असं कुणी विचारलं तर वेळच मिळाला नाही म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्याला रक्तदाबाची गोळी सुरू केली. वडील याच दुखण्याने गेले होते, एका दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. तिने त्याच दिवशी मशीन घेतलं आणि जाऊन दादाच्या फोनवर ॲप बसवून दिलं.

तेव्हापासून रोज सकाळी चहाचा कप हातात आला की ती दादाची रेघ बघायची. रेघ हिरव्या पट्ट्यात असायची. दादा ठीक, असं मनाशी म्हणायची आणि कामाला लागायची. पूर्वी दर रविवारी फोन व्हायचा, अर्धा अर्धा तास चालायचा. तो कधी गळाला तेही तिला कळलं नाही. आताशा तर दादाची रेघ इतकी शहाण्यासारखी वागत होती की परवाच तिने ती नवऱ्याला दाखवली होती, बघ, माझ्या भावाचं प्रेशर कसं एका जागी बसलंय.

बुधवारी सकाळी तक्रारींच्या ढिगात एक तक्रार आली. लिहिणाऱ्या बाईंना बहुधा बोलण्याची हौस होती. माझं मशीन महिनाभर दुरुस्तीला पडलंय, तरी तुमचं ॲप रोज माझं प्रेशर एकशे चोवीस असल्याचं कळवतं. मशीनशिवाय तुम्हाला मोजता येत होतं तर मला ते घ्यायला का लावलंत, असं त्यांनी विचारलं होतं. ती हसली. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला वाचून दाखवायला वळली, आणि वळता वळता तिचं हसू जागच्या जागी विरलं.

ठिपके लोकांच्या फोनवरून काढले होते, पण कोडमध्ये ते अजून होते. तपासणीसाठी ते तिच्या फोनवर चालू करता येत. तिने दादाचा आलेख उघडला आणि ठिपके चालू केले.

डाव्या बाजूला अकरा ठिपके आले, वर-खाली, हलणारे, माणसाचे. मग एकही नाही. शेवटचा ठिपका एकोणीस दिवसांपूर्वीचा, आणि तिथून उजव्या कडेपर्यंत एक सरळ, सपाट रेघ. दवाखान्यात अशी रेघ बघून लोक टाहो फोडतात, आणि हिने ती कौतुकाने नवऱ्याला दाखवली होती.

तिने दादाला फोन लावला. बंद. पुन्हा लावला, बंदच. आपण शेवटचं कधी बोललो ते तिने फोनमध्ये शोधलं. सदतीस दिवसांपूर्वी, एक मिनिट बारा सेकंद. त्यातही तिने त्याला ॲप अपडेट कसं करायचं तेवढंच सांगितलं होतं.

दादाच्या दुकानाला लागून झेरॉक्सचं दुकान होतं, ते चालवणाऱ्या मावशींचा नंबर तिच्याकडे होता. मावशी म्हणाल्या, शटर कालपासून खाली आहे, मला वाटलं तुझ्याकडेच आलाय. वरच्या खोलीत दिवा दिसला होता का, तर तसा काही दिसला नव्हता. मावशी जाऊन शटर खडखडवून आल्या आणि त्यांनी फोन केला. आतून काही ओ आली नव्हती. त्यांचा आवाज उतरलेला होता.

तिने बॅग उचलली. टीम लीड म्हणाला, शुक्रवारी नवीन आवृत्ती जायची आहे, असं मध्येच कसं चालेल. तिने त्याला सांगितलं की रेघ कडेपर्यंत न्यायला दोन ओळी लागल्या होत्या, त्या पुसायला कुणीही चालेल, आणि आज संध्याकाळपर्यंत त्या पुसल्या नाहीत तर उद्या मी इथे येऊन काय करीन ते मला सांगता येत नाही. टीम लीडने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि बरं म्हणाला.

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली, तिचा काही उपयोग नव्हता. दर दोन मिनिटांनी ती दादाला फोन लावायची, बंद आहे हे ऐकायची, मग ॲप उघडायची. एकोणीस दिवस. माणूस पडायला एक क्षण पुरतो. बाथरूममध्ये, जिन्यात, काच कापता कापता. मावशींनी त्याला परवा बघितलं होतं, म्हणजे एकोणीस दिवसांपूर्वी काही झालं नव्हतं, एवढा हिशोब तिने मनाला दहादा समजावला. मन ऐकेना. परवा ते आज, एवढा वेळ काय कमी झाला. तिने आजच्या तारखेवर बोट ठेवलं. छोटी चौकट उघडली. आज, एकशे एकतीस. असा आकडा जगात कुठेही नव्हता, कुठल्याही दंडावर कुणीही तो मोजला नव्हता, आणि तरी तो तिने स्वतः निवडलेल्या सुबक अक्षरांत तिथे लिहिलेला होता. तिने बोट उचललं, पुन्हा ठेवलं. एकशे एकतीस.

शेजारी बसलेले एक काका बराच वेळ तिच्या फोनमध्ये डोकावत होते. शेवटी त्यांच्याने राहवेना. शेअर कुठला, फारच भरवशाचा दिसतोय, असं त्यांनी विचारलं. तिने फोन पालथा घातला आणि पुढचा सगळा रस्ता पायाचा अंगठा चपलेत दाबत बसली. बस प्रत्येक थांब्यावर थांबत होती. माणसं सावकाश चढत होती, सावकाश सुटे पैसे शोधत होती, आणि तिला एकेकाला धरून आत ओढावंसं वाटत होतं.

ती पोचली तेव्हा साडेतीन वाजले होते. दुकानाचं शटर खाली होतं. त्याचं कुलूप मधलं, आतूनही लागणारं आणि बाहेरूनही, त्यामुळे माणूस कुठल्या बाजूला आहे ते कळायला मार्ग नव्हता. तिने दोन्ही हातांनी शटर बडवलं. दादा, दादा म्हणून ओरडली. रस्त्यावरची चार माणसं थांबली, आणि चार थांबली म्हणून आणखी आठ थांबली. मावशींनी कुलूपवाल्याला बोलावून आणलं. त्याने पिशवीतून हत्यारं काढून फरशीवर मांडली, आणि फोडू की उघडू, असं विचारलं. फोडा, ती म्हणाली.

तेवढ्यात कोपऱ्यावरून एक टेम्पो वळला. मागे शिडी होती, आणि शिडीला धरून, तोंडाला रुमाल बांधून, दादा बसला होता. आपल्या दुकानापुढची गर्दी बघून तो चालत्या टेम्पोतूनच अर्धा उठला. चोरी झाली का, हा त्याचा पहिला प्रश्न.

ती दुकानाच्या पायरीवर खाली बसली. कुलूपवाल्याने हत्यारं पुन्हा पिशवीत भरली आणि येण्याजाण्याचे तरी द्या म्हणाला.

हकीकत अगदीच साधी निघाली. पलीकडच्या गावातल्या नव्या लॉजमध्ये साठ चौकटी टांगायच्या होत्या. काम एका दिवसात उरकलं नाही, म्हणून दादा रात्री तिथेच झोपला. चार्जर घरी राहिला होता.

वरची खोली होती तशीच होती. भिंतीला टेकवलेल्या काचा, कोपऱ्यात पट्ट्यांचे कापलेले तुकडे, सगळीकडे सरसाचा वास. दादाने तिला पाणी दिलं. पाणी पोटात गेल्यावर तिला बळ आलं आणि तिने त्याला फैलावर घेतलं. साठीला आलेल्या माणसाने शिडीवर चढायचं का, शेजारी सांगून जाता येत नाही का, चार्जर विसरतोच कसा. दादा गुपचूप ऐकत होता. त्याला हे ऐकायला बरं वाटत होतं हे त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि त्यामुळे तिला आणखी राग येत होता.

"आणि प्रेशर?" ती म्हणाली. "एकोणीस दिवस मोजलं नाहीस. मशीन बिघडलं म्हणून कळवायचं तरी."

दादा उठला. कपाटाच्या खणातून त्याने मशीन काढलं. पट्ट्याची नीट गुंडाळी केलेली होती. सेल त्याने काढून, कागदात बांधून, शेजारी ठेवले होते.

"बिघडलं नाही," तो म्हणाला. "मीच थांबवलं."

"का?"

तो खाली बसला. बोटाला लागलेला सरस नखाने खरवडत राहिला. मग सावकाश बोलायला लागला, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगतोय. "तू म्हणाली होतीस ना चिमे, तुला रोज दिसतं म्हणून. म्हटलं, आकडे यायचे थांबले की तुझा फोन येईल. दोन दिवसांत येईल असं वाटलं होतं. मग म्हटलं, कामात असेल. मग पुन्हा मोजायला घेतलं नाही, म्हटलं बघू तरी."

खाली कुणीतरी झेरॉक्सच्या दुकानात दोन प्रती मागत होतं.

तिला सगळी उत्तरं सुचली. ॲपमध्ये चूक होती. टीम लीडने करायला लावलं. आज सकाळपर्यंत मला माहीतच नव्हतं. ही सगळी उत्तरं खरी होती, आणि दादाला ती पटलीही असती, तो तसाच माणूस होता. त्याने तिची शाळेतली खोटी दुखणीसुद्धा पटवून घेतली होती.

"दादा," ती म्हणाली, "आकडे थांबले ते मला दिसलंच नाही. तुझी रेघ पुढे चालूच होती. मी रोज बघत होते ती."

"आकडे नसताना चालू होती?"

"हो. ती मीच तशी काढलीय. सगळ्यांचीच तशी जाते."

दादाने यावर विचार केला. त्याला राग आला नाही. एखादी चौकट कशी जोडली आहे ते समजून घेताना तो जसा मान तिरपी करायचा, तशी त्याने केली.

"म्हणजे मी गेलो असतो," त्याने विचारलं, "तरी?"

तिने त्याच्याकडे बघितलं. सकाळपासून डोळ्यांत एक थेंब आला नव्हता.

"तरी चालू राहिली असती," ती म्हणाली, आणि तिला जे रडू फुटलं ते आवरेना.

दादा गांगरला. लहानपणीही ती रडायला लागली की काय करावं ते त्याला समजायचं नाही. त्याने पाण्याचा पेला पुढे केला, तो तिने घेतला नाही. मग त्याने कागद सोडून सेल मशीनमध्ये घातले, शर्टाची बाही वर सारली आणि दंड तिच्यापुढे धरला.

"घे," तो म्हणाला, "मोज तू."

तिने नाक पुसलं आणि त्याच्या दंडाला पट्टा बांधायला घेतला.